सोडतीचा पैसा आणि कलकत्त्याचे रस्ते

कोलकात्याचा नकाशा समोर ठेवला असता शहराच्या मध्यातून दक्षिणोत्तर गेलेला एक लांबच लांब राजमार्ग नजरेत भरतो. रफी अहमद किडवई मार्गाने निघावे, निर्मलचंद्र मार्गावरून कॉलेज स्ट्रीटला लागावे आणि पुढे विधान सरणीने उत्तरेस श्यामबाजारकडे जावे. नावे बदलत जातात, रस्ता एकच राहतो. कंपनी सरकारच्या काळी याच मार्गाच्या तुकड्यांना वेलस्ली स्ट्रीट, वेलिंग्टन स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट आणि कॉर्नवॉलिस स्ट्रीट अशी नावे होती. मार्गालगत अंतराअंतरावर मोकळे चौक आहेत आणि त्यांपैकी काहींत तलावही आहेत. सव्वादोन हजार कोसांवरून येऊन राज्य करणाऱ्या सरकारने हा मार्ग बांधला खरा. परंतु त्याचा खर्च भागला तो लॉटरीच्या, म्हणजे सोडतीच्या पैशातून. कलकत्त्याच्या नगररचनेचा इतिहास लिहिताना या सोडतीला बाजूस ठेवता येत नाही.

शहराच्या कामासाठी पैसा कोणाकडून आणि कसा घ्यावा, हा प्रश्न कलकत्त्यास सोडतीच्या आधीही पडला होता, आणि त्या प्रसंगाशी मराठ्यांचा निकटचा संबंध आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगाल्यात उतरले. कलकत्त्याच्या रहिवाशांची झोप उडाली. त्यांनी आपल्याच खर्चाने शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी कंपनीकडे मागितली. सात मैलांचा खंदक योजला होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे शहरावर चालून आले नाहीत आणि भीती ओसरताच कुदळीही थांबल्या. हाच तो प्रसिद्ध ‘मराठा खंदक’. पुढे १७९९ मध्ये त्याचा काही भाग बुजवून वर्तुळाकार सर्क्युलर रोड करण्यात आला. भयापोटी लोक वर्गणी देतात, पण भय गेले की वर्गणीही आटते, हा धडा कलकत्त्याने असा फार लवकर घेतला.

भयाने जे साधले नाही ते आशेने साधेल काय, याचा प्रयोग त्यानंतर चाळीस वर्षांनी सुरू झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत १७८४ साली सेंट जॉन चर्चची पायाभरणी झाली. जागा शोभाबाजारचे महाराज नवकृष्ण देव यांनी दिली आणि बांधकामाच्या पैशाचा काही भाग सार्वजनिक सोडतीतून उभा राहिला. देवालयासाठी जुगाराचा पैसा घ्यावा यात त्या काळच्या इंग्रजांना काही वावगे वाटत नसे. खुद्द इंग्लंडात १६९४ पासून सरकारी सोडत चालू होती, आणि लंडनचे जगप्रसिद्ध ब्रिटिश म्युझियम १७५३ च्या कायद्यान्वये काढलेल्या सोडतीच्या उत्पन्नावर उभे राहिले होते. मायदेशी जे शिष्टसंमत होते ते कंपनीच्या नोकरांनी गंगेकाठी आणले, इतकेच.

त्या काळी खाजगी सोडतीही निघत आणि त्यांत बक्षीस म्हणून नाणीच असत असे नाही. एदुआर्द तिरेट्टा नावाचा व्हेनिसचा एक गृहस्थ कलकत्त्यातील रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक होता. त्याच्या मालकीचा एक बाजार होता. तो अडचणीत आला तेव्हा त्याचा सबंध बाजारच सोडतीत लावण्यात आला. सुमारे दोन लाखांची ही मालमत्ता १७९१ मध्ये चार्ल्स वेस्टन याच्या पदरी पडली. वेस्टन पुढे आपल्या दानधर्मासाठी शहरात नावाजला गेला. बाजार मात्र जुन्या मालकाच्याच नावाने, ‘तिरेट्टा बाजार’ म्हणून, आजही ओळखला जातो. नशिबाने मिळालेल्या वस्तूवर नाव लावणे नशीबवानासही नेहमी साधत नाही!

१७९३ पासून या व्यवहारास सरकारी शिस्त आली. सोडतीसाठी कमिशनर नेमले गेले आणि सोडतीच्या एकूण रकमेतील शेकडा दहा भाग सार्वजनिक कामे व धर्मादाय यांकरिता राखून ठेवण्याचा प्रघात पडला. सोडत काढण्याची तत्कालीन इंग्रजी पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. लंडनमध्ये दोन मोठी चक्राकार पिंपे असत. एकात तिकिटांचे क्रमांक, दुसऱ्यात बक्षिसाच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. एका अनाथाश्रमवजा शाळेची मुले दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढीत. एका क्रमांकासमोर बक्षीस येई, दहांसमोर कोरा कागद येई, आणि हे काम दिवसेंदिवस चाले. ज्याच्या हाती तिकीट तो बक्षिसाचा धनी, असा रोकडा नियम होता. म्हणून लोक तिकिटाचे अर्धे, चौथे हिस्से करून विकत घेत आणि एकाच क्रमांकावर अनेकांचे डोळे लागलेले असत.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा गुण असा, की तिच्यात देणाऱ्यास आपण देत आहोत असे वाटतच नाही. कर वसूल करावयाचा तर दारोदार जावे लागते, घराची किंमत ठरवावी लागते, तक्रारी ऐकाव्या लागतात. १७९३ च्या सनदी कायद्याने घरपट्टी बसविण्याचा अधिकार कलकत्त्याच्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींना मिळाला होता. परंतु ते उत्पन्न झाडलोट, डागडुजी आणि पोलीस यांतच संपून जाई. नवा रस्ता आखावयाचा, वस्ती हटवावयाची, तलाव खणावयाचा, तर दुसरा झरा हवा होता. सोडतीने तो दिला. तिकीट घेणारा आपल्या पायांनी चालत येई आणि हरल्यावर सरकारास नव्हे, दैवास बोल लावी.

लॉर्ड वेलस्ली याने १८०३ मध्ये लिहिलेल्या टिपणाने या झऱ्यास दिशा दिली. नागरिकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि सोय यांसाठी रस्ते, गटारे व जलमार्ग यांची एक समग्र योजना करणे हे सरकारचे आद्य कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. नगरसुधारणा समिती नेमली गेली आणि सोडतीचा पैसा तिच्या कामी येऊ लागला. कर्नल जॉन गार्स्टिन याच्या आराखड्यानुसार १८१३ साली पुरा झालेला डोरिक खांबांचा टाऊन हॉल ही त्या पर्वाची सर्वांत देखणी खूण. त्याला सुमारे सात लाख रुपये लागले.

१८१७ मध्ये सुप्रसिद्ध ‘लॉटरी कमिटी’ स्थापन झाली. महाराष्ट्राच्या इतिहासात हे वर्ष खडकीच्या लढाईचे. इकडे पेशवाईचा अस्त होत असताना तिकडे कंपनीची राजधानी आपले रूप पालटण्याच्या उद्योगास लागली होती. आधीच्या १७ सोडतींची साडेचार लाख रुपयांची शिल्लक या कमिटीच्या हवाली करण्यात आली. कमिटीने पुढील वीस वर्षांत जे केले ते आजही पायाखाली आहे. हुगळीच्या काठाने स्ट्रँड रोड झाला. मघाशी सांगितलेला दक्षिणोत्तर राजमार्ग झाला. वेलस्ली, वेलिंग्टन, कॉलेज आणि कॉर्नवॉलिस हे तलाव असलेले चार चौक झाले. रस्त्यांवर पाणी शिंपडण्यासाठी चांदपाल घाटावर पंप बसला. मेजर शाल्क याने शहराची मोजणी केली आणि १८२५ मध्ये तिचा नकाशा प्रसिद्ध झाला. ज्या कॉलेज स्ट्रीटवर पुढे संस्कृत कॉलेज, मेडिकल कॉलेज आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ एकवटले, आणि ज्याच्या फुटपाथावरील ग्रंथबाजार आज देशभर ठाऊक आहे, तो रस्ता सोडतीच्या चिठ्ठ्यांनी फरसबंद झाला आहे.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कमिटी लोकांना उत्तरदायी नव्हती. कोणती वस्ती पाडावी, कोणता रस्ता रुंद करावा, हे ठरविताना पैसा देणाऱ्या शहरवासीयांस कोणी विचारले नाही, कारण त्यांनी कर दिलेला नव्हता, नशीब अजमावले होते. तिकिटाच्या बदल्यात त्यांना बक्षीस मागण्याचा हक्क मिळाला. रस्ता मागण्याचा हक्क मिळाला नाही. त्यामुळे युरोपीय वस्तीचा भाग आणि मोठे हमरस्ते उजळले, तर उत्तरेकडील हिंदी वस्तीतील गल्ल्या व तुंबलेली गटारे बहुतांशी होती तशीच राहिली. १८३६ मध्ये लॉर्ड ऑकलंडच्या कारकीर्दीत नेमलेल्या फीव्हर हॉस्पिटल कमिटीपुढे या रोगट वस्त्यांचे जे वर्णन आले ते राजमार्गाच्या शोभेशी मुळीच जुळणारे नव्हते.

त्याच वर्षी सोडती बंद झाल्या. कारण कलकत्त्यात घडले नाही, इंग्लंडात घडले. तेथे १८०८ च्या संसदीय समितीने सोडतीवर कडक टीका केली होती. गरीब माणूस आशेपायी नागवला जातो, हे मत बळावले आणि १८२६ च्या ऑक्टोबरात शेवटची सरकारी सोडत निघाली. मायदेशी निषिद्ध ठरलेला मार्ग वसाहतीत चालू ठेवणे कंपनीस फार काळ शोभण्यासारखे नव्हते. १८४४ च्या कायद्याने सरकारमान्य नसलेल्या सोडतींवर बंदी आली आणि १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम घालण्यात आले.

मुंबईचा अनुभवही याच सुमाराचा आहे. सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये तेथे टाऊन हॉलची कल्पना निघाली आणि तिच्यासाठीही सोडतीचा आधार घेण्यात आला. पण पैसा पुरला नाही; अखेर सरकारास हात घालावा लागला आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तेथेच आहे. दैवाच्या भरवशावर पाया घालता येतो, कळसाची खात्री देता येत नाही, असेच या उदाहरणावरून म्हणावे लागते.

सोडत गेल्यावर कलकत्त्यास पुन्हा कराकडे वळावे लागले, आणि कराबरोबर प्रतिनिधित्वाचा प्रश्न अटळपणे आला. १८४७ च्या कायद्याने सात जणांचे मंडळ झाले व त्यांतील चार जण करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८७६ मध्ये ७२ जणांच्या महापालिकेत दोन तृतीयांश सभासद निवडून येऊ लागले. मताधिकार तेव्हा मोजक्यांचाच होता. तरी ज्याने पट्टी भरली तो हिशेब विचारू लागला.

स्वातंत्र्यानंतर सोडत नव्या वेषात परत आली. केरळ सरकारच्या लॉटरीची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली, पश्चिम बंगालनेही त्याच वर्षी आपली लॉटरी काढली आणि महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मटका व फसव्या खाजगी लॉटऱ्या यांना आळा घालणे आणि विकासकामांस पैसा मिळविणे असे दुहेरी उद्दिष्ट महाराष्ट्राने पुढे ठेवले होते. जर्मनीतही सोडत हा घटक राज्यांचाच विषय आहे. तेथे जिंकलेल्या रकमेवर आयकर नाही, भारतात मात्र शेकडा ३० दराने तो लागतो. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने तिकिटे राज्य सरकारनेच छापावीत, सोडत राज्याच्या हद्दीत व सरकारनेच काढावी, आठवड्यातून एकाहून अधिक नसावी, असे निर्बंध घातले. मुदतीत न मागितलेले बक्षीस सरकारजमा होते. म्हणून बक्षीस मागणाऱ्यास मूळ तिकीट, त्यामागील सही आणि दिवसांची मोजदाद या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की सरकारने चालविली तरी लॉटरीचे स्वरूप जुगाराचेच राहते.

या दोनशेहून अधिक वर्षांच्या कहाणीत सोडतीला केवळ दूषण देणे न्यायाचे होणार नाही. तिने रस्ते दिले, तलाव दिले, आणि तिकिटावर हरलेल्या असंख्य अनामिकांचा पैसा त्यांच्या नातवंडांच्या पायाखाली आला. परंतु तिने नागरिक घडविला नाही. मराठा खंदकाची वर्गणी भयाने दिली गेली आणि सोडतीचे तिकीट आशेने घेतले गेले. दोहोंनंतर देणारा घरी गेला. कराची पावती हाती आली, तेव्हाच तो चावडीवर येऊन उभा राहिला.