औषधाच्या नावाखाली

नाशिकजवळच्या अंबड गावाच्या शिवेजवळून मुंबई-आग्रा हमरस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या कडेलाच त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी आहेत. त्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी, राजमाता गौतमी बलश्री हिचा सुप्रसिद्ध शिलालेख कोरला गेला. त्यात तिच्या दिवंगत पुत्राच्या, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या, मुखाला सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळाची उपमा दिली आहे. खुद्द त्या वृद्ध राणीविषयी मात्र सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, नियम आणि उपवास यांत ती रत होती एवढेच सांगितले आहे. पुत्राची कांती पाषाणात चिरंतन झाली. मातेच्या वाट्याला व्रतांची यादी आली. उतारवयातील स्त्रीच्या मुखकांतीविषयी आपल्या समाजाने पुढे कित्येक शतके जे मौन पाळले, त्याचा आरंभ या गावाच्या इतक्या निकट सापडावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

त्याच डोंगरात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, अक्षयनिधी ठेवला, आणि त्या श्रेणींत तिळाचे तेल गाळणाऱ्या तेल्यांचीही श्रेणी होती. त्या काळी नाशिकच्या पेठेत तेलाचा धंदा ठेवी स्वीकारण्याइतका प्रतिष्ठित होता, एवढे यावरून निश्चित होते. आणि या प्रांतातील त्वचेच्या निगेचा इतिहास मुख्यतः तेलाचाच इतिहास आहे.

आता या तेलाच्या बाबतीत आपल्या शास्त्रांनी म्हाताऱ्या बाईची जी कोंडी केली, ती पाहण्यासारखी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नित्य अभ्यंगाची आज्ञा आहे आणि अभ्यंगाने जरा, श्रम व वात यांचा परिहार होतो असे स्पष्ट सांगितले आहे. वार्धक्य हा वाताचा काळ, त्या काळी त्वचा रूक्ष होते, म्हणून तेलाची गरज तरुणीपेक्षा वृद्धेलाच अधिक, हे वैद्यकाचे मत. धर्मशास्त्राने विधवाधर्म सांगताना मात्र अभ्यंग, तांबूल, पुष्पे आणि अंगराग वर्ज्य ठरविली. मुलींची लग्ने अल्पवयात आणि बहुधा वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांशी होत असत, त्या काळी उतारवयाला पोचलेल्या स्त्रियांत विधवांचाच भरणा मोठा असे. अर्थात वैद्याने जे द्यावे तेच भटजीने काढून घ्यावे, असा हा प्रकार झाला.

या कोंडीतून बायकांनी आपल्यापुरती वाट काढली. सांधे धरले म्हणून नारायण तेल, पायांना भेगा पडल्या म्हणून राळेचे मलम किंवा कोकणातून घाटावर येणारे कोकमतेल, हातांची आग होते म्हणून लोणी किंवा साय. औषध म्हटले की कोणाची हरकत उरत नसे. नाशिक भागातील थंडी कोरडी आणि कडक, आणि पहाटे उठून उघड्या टाचांनी शेतात जाणाऱ्या कुणबिणीला भेगांचा त्रास हा खराखुरा आजारच होता, यात शंका नाही. पण तळहातावर उरलेला तेलाचा ओशटपणा ती सहज गालांवरून आणि कोपरांवरून फिरवी, आणि तेवढ्याला शास्त्राधार विचारायला कोणी येत नसे.

मुखाच्या अलंकरणाचा प्रश्न वयाशी निगडित नव्हता. तो सौभाग्याशी निगडित होता. सवाष्ण नव्वदीची असली तरी तिची फणेरपेटी रोज उघडे. पेटीच्या झाकणाला आतून आरसा, खालच्या कप्प्यांत फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. सुरकुतलेल्या कपाळाची कातडी डाव्या हाताने किंचित ताणून धरायची, उजव्या बोटाने मेणाचा वाटोळा ठसा उमटवायचा आणि त्यावर कुंकू बसवायचे, म्हणजे घामाने ते ओघळत नसे. हे कुंकू हळदीचेच. लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्या योगाने हळद तांबडी होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील केम हे गाव या धंद्यासाठी सर्वश्रुत आहे. पुढे बाजारात रासायनिक रंगाचे स्वस्त कुंकू आले आणि कित्येक म्हाताऱ्यांच्या कपाळावर काळसर डाग पडले, हा प्रगतीचा एक प्रसाद.

विधवेची पेटी मात्र कायमची मिटे. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात नाशिकच्या परिसरात दोन प्रख्यात विधवा राहत होत्या : गंगापुरास नानासाहेबांची पत्नी गोपिकाबाई आणि आनंदवल्लीस राघोबादादांची पत्नी आनंदीबाई. गोपिकाबाईने नातू सवाई माधवरावास दिनचर्येचा जो तपशीलवार उपदेश पत्राने पाठविला तो प्रसिद्धच आहे. दुसऱ्याच्या देहाची निगा कशी राखावी हे वृद्धेने सांगावे, स्वतःच्या देहाचे नाव काढू नये, ही वहिवाट राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सारखी होती. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी म्हातारीच; नरकचतुर्दशीच्या पहाटे नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद यांचे उटणे कालवून घरादाराच्या पाठी चोळणारी म्हातारीच.

ब्राह्मण घरांतील केशवपनाविरुद्ध आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारका’तून कोरडे ओढले आणि १८९० साली कामगारपुढारी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी वपन करण्याचेच नाकारले, हे वाचकांस ठाऊक आहे. कुणब्यांत वपनाची चाल नव्हती, पाटाची सोय होती. शिवाय अंबडसारख्या खेड्यातील कष्टकरी बाईजवळ एक असा शृंगार होता की जो वैधव्यालाही पुसता येत नसे. कपाळावरचे, हनुवटीवरचे आणि मनगटावरचे हिरवे गोंदण मेल्यावरही सोबत येते असे त्या मानीत. कुंकू गेले, बांगड्या फुटल्या, तरी ते ठिपके कातडी सैल पडेपर्यंत आणि पडल्यावरही जागच्या जागी राहत. सौंदर्यप्रसाधनाच्या इतिहासात गोंदणाला जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळालेले नाही.

विसाव्या शतकात स्नो-पावडरीचे युग आले. मुंबईत १९१९ साली पाटणवालांचा अफगाण स्नो निघाला, १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. पण हा सारा माल तरुणींसाठी, आणि पन्नाशीच्या बाईने पावडर लावली की आळीत कुजबुज ठरलेली. अशा वेळी १९५२ सालीच परळला केशव विष्णु पेंढरकरांनी स्थापन केलेल्या विको कंपनीने पुढे हळदीचे मलम बाजारात आणले, आणि ते प्रसाधन नसून आयुर्वेदीय औषध आहे असे जाहिरातींतून घरोघर सांगितले. अबकारी खात्याने ही वस्तू प्रसाधनच असल्याचे धरून जबर कर मागितला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी कंपनीचीच सरशी झाली. आपल्या आज्या जी युक्ती पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालवीत आल्या होत्या, तिच्यावर देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनाची मोहोर उठली! ते मलम घरातील वडीलधाऱ्या बायकांना निःसंकोचपणे लावता आले, याचे श्रेय हळदीइतकेच त्या औषध या शब्दाला आहे.

अंबडच्या शेतांवर औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि गाव शहरात मुरले. कारखान्यात पाळी करून निवृत्त झालेली बाई आज केस रंगविते, आणि तिला कोणी हसत नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींस तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. तरी घरच्या जमाखर्चात आजीच्या तेलाची बाटली अजून औषधाच्या सदरातच पडते; वाचकांनी ती एकदा खुशाल शृंगाराच्या सदरात मांडून पाहावी.