पाळी लांबतेय? पीसीओएसवर घरगुती औषधं किती कामाची, कुठे थांबायचं

पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुम जात नाहीत, वजन वाढतं. अशी लक्षणं एकत्र दिसली तर पीसीओएस (बोलताना पीसीओडी) असू शकतो. शंभरातल्या दहाएक बायकांना हा त्रास असतो. पण थायरॉईडमुळंही पाळी बिघडते. म्हणून काढा सुरू करण्याआधी तपासणी करावी.

बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. त्यामुळं पुरुषी हार्मोन वाढतात आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही.

घरातलं काय चालतं?

- पुदिना: रोज दोन कप पुदिन्याच्या चहानं महिन्याभरात पुरुषी हार्मोन थोडे कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. केस मात्र इतक्यात कमी होत नाहीत.
- मेथी: भिजवलेल्या दाण्यांमुळं जेवणानंतरची साखर हळू चढते. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावी. दिवस राहिले असतील तर औषध म्हणून घेऊ नये.
- दालचिनी: जेवणात चिमूटभर ठीक. बाजारातली जाड सालीची दालचिनी रोज जास्त खाल्ली तर लिव्हरला त्रास होऊ शकतो.
- ज्येष्ठमध: यानं बीपी वाढतं. बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावं.
- अशोक, शतावरी, कांचनार गुग्गुळ: आयुर्वेदात वापर जुना, पण पीसीओएसवर पक्का पुरावा कमी. शिकलेल्या वैद्यांना विचारूनच घ्यावं.

लेबल नसलेली पुडी घेऊच नये. अशा पुड्यांत शिसं किंवा स्टेरॉईड सापडल्याचे प्रकार झालेत.

सगळ्यात मोठं औषध

वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी फरक पडतो. म्हणजे 70 किलोच्या बाईचं साडेतीन किलो. गोड चहा, बिस्किटं, फरसाण कमी करावं. ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी असावी. रोज अर्धा तास भरभर चालावं.

थांबू नका

तीन महिने पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची चाचणी, मग डॉक्टर. पाळी लांबत राहिली की गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं आणि पुढं कॅन्सरचा धोका वाढतो. चालू गोळ्या काढ्यासाठी परस्पर बंद करू नयेत.

"लग्न झालं की आपोआप नीट होईल," असं मुलींना सांगितलं जातं. तसं होत नाही. उपचार घेतले तर बहुतेक जणींना मूलही होतं. लपवण्यासारखं यात काही नाही. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.