सोलापूर जिल्ह्यातील परसातील कुक्कुटपालन : हवामान आणि जातिनिवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या पशुधनाचा विषय निघाला की खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस ही नावे प्रथम समोर येतात. दोन्ही जाती राष्ट्रीय पातळीवर नोंदणीकृत आहेत. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतील जनावरांच्या बाजारात खिलार बैलाचे शिंग, खांदा व चाल पारखून किंमत ठरते. मात्र त्याच गोठ्याच्या कडेला, खुराड्यात अथवा डालग्याखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या कोंबडीला असे स्वतंत्र नाव लाभलेले नाही. ती केवळ 'गावठी' वा 'देशी' म्हणून ओळखली जाते. नाव नसणे म्हणजे जात नसणे काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. कोंबडीच्या जातीची निवड ही प्रामुख्याने हवामानाशी निगडित बाब असून सोलापूरच्या परसात ही निवड स्त्रियांनी दीर्घकाळ केली, परंतु तिची दखल ना इतिहासाने घेतली ना विकास योजनांनी, हे येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हवामान आणि कोंबडीचे शरीर

कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते. तिला घामग्रंथी नसतात. त्यामुळे उष्णता बाहेर टाकण्याचे तिच्यापाशी दोनच मुख्य मार्ग उरतात. एक म्हणजे चोच उघडी ठेवून धापा टाकणे, आणि दुसरा म्हणजे तुरा व गळ्याखालच्या लोंबत्या भागातून रक्ताची उष्णता हवेत सोडणे. सतत धाप लागल्यास रक्तातील कर्बवायू कमी होतो व अंड्याचे कवच पातळ होते. थंड प्रदेशात नेमकी उलट अडचण येते. उन्हाळ्यात उपकारक ठरणारा मोठा तुरा तेथे हिमदंशाने काळा पडून झडतो. म्हणजेच एकच अवयव एका प्रदेशात गुण ठरतो, तर दुसऱ्या प्रदेशात दोष.

सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साधारण 550 मिलिमीटर आहे. तथापि येथेही थंडीचा प्रश्न अगदीच नाही असे म्हणता येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे 33 ते 35 अंश ऊब लागते. पौषातील पहाटेचा गारठा अशा पिलांचा सहज बळी घेतो. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली ही ऊब विनामूल्य मिळते, तर विकत आणलेल्या पिलांसाठी विजेच्या दिव्याची सोय करावी लागते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

थंड प्रदेशातील जाती आणि त्यांचे आशियाई मूळ

थंड प्रदेशासाठी हेतुपुरस्सर जात घडविण्याचे ठळक उदाहरण कॅनडातील शांतक्लेर या जातीचे आहे. क्विबेक प्रांतातील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी 1908 साली हे काम हाती घेतले. तेथील कडक हिवाळ्यात टिकणारी, अगदी लहान तुऱ्याची व मांस आणि अंडी दोन्ही देणारी कोंबडी त्यांना हवी होती. 1921 मध्ये या जातीला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. विशेष म्हणजे तिच्या पूर्वजांत कॉर्निश जात होती, आणि इंग्लंडमधील कॉर्निशच्या घडणीत भारतातील असील कोंबड्याचा मोठा वाटा होता. असीलचा तुरा मुळातच आखूड असतो. उष्ण देशातल्या झुंजीच्या कोंबड्याचा वारसा अशा रीतीने क्विबेकच्या बर्फात उपयोगी पडला.

पुढे कॉर्निश आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून आधुनिक ब्रॉयलर उभा राहिला. भारतात ब्रॉयलर व लेअर व्यवसायाचा मोठा विस्तार 1970 नंतर झाला. त्यात 1971 मध्ये स्थापन झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचा व पुणे शहराचा वाटा सर्वज्ञात आहे. म्हणजे येथून गेलेले रक्त परक्या हवामानात घडून, परके नाव घेऊन परत आले.

विलायती जातींचे आगमन

विसाव्या शतकाच्या आरंभी संयुक्त प्रांतातील एटा येथील अमेरिकन मिशनने सुधारित कोंबड्यांचा प्रसार सुरू केला. 1939 मध्ये इज्जतनगर येथे कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या दोन जातींवर शासकीय प्रयत्नांचा भर राहिला. 'गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते, सुधारित कोंबडी त्याच्या कितीतरी पट देते' हा या धोरणामागील युक्तिवाद होता, व अंड्यांच्या संख्येपुरता तो खराही होता.

पांढऱ्या शुभ्र लेगहॉर्नचा परसात टिकाव लागणे अवघड आहे, हे लवकरच लक्षात आले. घार आणि मांजर यांच्या नजरेत ती चटकन भरते. म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा व ग्रामप्रिया हे रंगीत पिसांचे पक्षी खास परसासाठी विकसित केले. महाराष्ट्रातही 25 तलंगा व 3 नर यांचा गट अनुदानावर देण्याची योजना राबविण्यात आली. या पक्ष्यांनी अनेक कुटुंबांच्या आहारात भर घातली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु अधिक अंड्यांसाठी त्यांच्यातील खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळपास नाहीशी केलेली असते. त्यामुळे एक गट संपला की दुसरा विकत घ्यावा लागतो. पूर्वी घरात होणारे पुनरुत्पादन उबवणी केंद्राकडे गेले, आणि त्याबरोबर निर्णयही गेला.

परसातील निवड

मनुस्मृतीने ग्रामकुक्कुट अभक्ष्य ठरविला होता. कोंबडी पाळणे हे प्रतिष्ठितांचे काम मानले गेले नाही. भूमिहीन, अल्पभूधारक आणि विशेषतः त्या घरांतील स्त्रिया यांच्याकडे हे काम राहिले. अंडी विकून आलेला पैसा हा बहुधा बाईच्या हातचा पैसा असे. तो सातबाऱ्यावर नसतो, सावकाराच्या वहीत नसतो आणि म्हणून अभिलेखागारातही नसतो.

तथापि निवड होत होती. कोणत्या कोंबडीची अंडी रवणीस ठेवायची आणि कोणता कोंबडा जत्रेसाठी काढायचा, हे ठरविणे म्हणजेच जातिसंवर्धन होय. उन्हात न दमणारी, खळ्यावरची सांडलेली ज्वारी व किडेमुंग्या वेचून पोट भरणारी, घार दिसताच पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी मागे ठेवली जाई. भर उन्हाळ्यात अंडी रवणीस बसविणे टाळण्यामागेही शास्त्र आहे. घरातील तापमान 30 अंशांवर गेले की अंड्यातील गर्भाची वाढ कोंबडी बसण्यापूर्वीच अवेळी सुरू होते व अंडी वाया जातात. मानमोडीच्या साथीने खुराडेच्या खुराडे रिकामे होत; उरलेल्या एखाद-दुसऱ्या कोंबडीपासून पुन्हा सुरुवात होई. दुष्काळ, ऊन आणि रोग या तिहेरी चाळणीतून जी उरली, ती आजची गावठी कोंबडी.

2012-13 च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागात जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या गेल्या. त्यातील जनावरांची गणती शासनदरबारी आहे. कोंबडीसाठी छावणी नसते. तिची गणतीही नसते.

नाव, नोंद आणि नुकसान

याच जिल्ह्याच्या शेतीतील एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम 35-1 हे वाण सिद्ध झाले. शेतकऱ्यांनी जपलेल्या बियाण्याला शास्त्राने नाव व क्रमांक दिला आणि ते वाण आजही रब्बी हंगामात टिकून आहे. कोरडवाहू ज्वारीसाठी जे झाले ते कोरडवाहू कोंबडीसाठी झाले नाही.

नाव नसण्याचे परिणाम गंभीर असतात. नाव असूनही संरक्षण मिळतेच असे नाही. गुजरात व महाराष्ट्राच्या सीमेवरील बुसरा ही नोंदणीकृत जात नंदुरबार जिल्ह्यात आढळते. फेब्रुवारी 2006 मध्ये याच जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा व्यावसायिक फार्मबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. साथ रोखण्यासाठी हे आवश्यक होते. परंतु नष्ट झालेल्या पक्ष्यांची भरपाई रुपयांत होते, वंशाची होत नाही. दुसरीकडे, केवळ नावाच्या बळावर काय घडू शकते हे कडकनाथने दाखविले. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या करार योजनांत फसवणूक झाल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. तेथे कोंबडी हवामान पाहून निवडली गेली नव्हती, तर बाजारातील बोलबाला पाहून.

समारोप

2019 च्या पशुगणनेनुसार देशातील परसातील कोंबड्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी असून मागील गणनेच्या तुलनेत ती जवळपास 46 टक्क्यांनी वाढली आहे. यावरून परसातील कुक्कुटपालन हा कालबाह्य अवशेष नाही, हे स्पष्ट होते. सुधारित पक्षी नाकारावेत असा या विवेचनाचा अर्थ नाही. ज्या घरी वीज, लसीकरण व पिले विकत घेण्याची ऐपत आहे, तेथे ते उपयुक्तच आहेत. परंतु जेथे या सोयी नाहीत, तेथे स्वतः अंडी उबवून पिले वाढविणारी कोंबडीच कुटुंबाला आधार देते. ओकाच्या मठातील त्या धर्मबंधूने आपल्या हिवाळ्याकडे पाहून कोंबडी घडविली. सोलापूरच्या स्त्रियांनी आपल्या उन्हाळ्याकडे पाहून तेच केले. फरक इतकाच, की त्यांच्यामागे मठ नव्हता आणि नोंदवही नव्हती. ही नोंद आता तरी व्हावी. माळवदी घरांच्या परसात खुडूक कोंबडी बसविणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती, गावनिहाय पक्ष्यांचे वर्णन आणि त्यांच्या अंड्यांचा व पिलांचा हिशेब हे काम इतिहास, प्राणिशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. या स्त्रियांची पिढी सरल्यावर ही साधने पुन्हा उपलब्ध होणार नाहीत.