लडाखचं काटेरी झुडूप आणि फौजेची रसद

आजच्या भागात लढाई नाही, लढाईच्या मागची रसद आहे. लडाखचं एक काटेरी झुडूप त्या रसदीत कसं शिरलं, ते सांगतो.

झुडपाचं इंग्रजी नाव सीबकथॉर्न. लडाखी लोक त्याला त्सेरमांग म्हणतात, लाहौलमध्ये छरमा. आपल्या करवंदाच्या जाळीसारखे काटे. सिंधू आणि नुब्राच्या काठाने ते आपोआप उगवतं. फळ वाटाण्याएवढं, नारिंगी आणि जीभ आखडेल इतकं आंबट. शास्त्रीय नाव हिप्पोफी, ग्रीक भाषेत 'चमकणारा घोडा'. पाला खाल्ला की घोड्याच्या अंगावर तकाकी येते, अशी जुनी समजूत. चंगीझखानाच्या घोडदळाच्या कहाण्याही याला चिकटल्या आहेत, पण त्या मी सोडून देतो. लडाखमधले पारंपरिक वैद्य, म्हणजे आमची, हे फळ औषधात वापरत आले आहेत. शेतकऱ्याला मात्र हे झुडूप कुंपणापुरतं आणि सरपणापुरतं. पीक म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

1962 साली चीनशी युद्ध झालं आणि लडाखमध्ये मोठी फौज कायमची राहू लागली. लेहमधली संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळाही 1962 चीच. तिचं नाव बरीच वर्षं फील्ड रिसर्च लॅबोरेटरी होतं, आज ती 'डिहार' म्हणून ओळखली जाते. काम असं, की जवानाचं ताजं अन्न शक्य तेवढं तिथेच पिकवायचं. कारण जोजिला आणि रोहतांग बर्फाने बंद झाले की रस्त्याने काही येत नसे. हिवाळ्याचा सगळा शिधा उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचा, याला आम्ही 'विंटर स्टॉकिंग' म्हणतो. 1984 पासून सियाचीनची भर पडली.

उंचीवर मी नोकरी केली आहे, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. तिथे शिध्यापेक्षा भूक आधी कमी पडते. हवा विरळ झाली की अन्नावरची वासना उडते. डब्यातली भाजी पाहून जवान दोन घास खातो आणि ताट सारतो. पाणी प्यायचीही इच्छा होत नाही. आंबटगोड पेय मात्र घशाखाली उतरतं. आणि या फळात तर संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व, शिवाय ई जीवनसत्त्व आणि कॅरोटिन. म्हणजे हवं होतं ते छावणीजवळच्या कुंपणालाच लटकत होतं.

ते बाटलीत आणणं मात्र सोपं नव्हतं. साल नाजूक, देठ आखूड. ओढलं की फळ फुटतं. तोडलेलं फळ टिकत नाही. रसावर तेल तरंगतं, थर वेगळे होतात. लेहच्या शास्त्रज्ञांनी रस काढण्याची, टिकवण्याची आणि पिण्याजोगा करण्याची पद्धत बसवली, ती खाजगी उद्योगाला दिली आणि 2001 च्या सुमारास 'लेह बेरी' हे पेय बाजारात आलं. कुंपणाच्या झुडपाला पहिल्यांदा भाव मिळाला.

इथवरची गोष्ट बरेच जण सांगतात. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. फळ तोडतं कोण? गावातल्या बायका, ऑगस्टअखेरपासून पुढे. खाली कापड पसरायचं आणि फांद्या काठीने झोडायच्या. हात काट्यांनी ओरबाडतात. याच दिवसांत बार्लीची कापणी असते, म्हणजे घरात माणूसबळ नाही. त्यात फळ येतं आदल्या वर्षीच्या फांदीवर, त्यामुळे आज झोडून मोडलेली फांदी म्हणजे पुढच्या वर्षीचं बुडालेलं फळ. नर झाडाला तर फळच नसतं. म्हणून लडाखच्या नदीकाठी दरवर्षी पिकणाऱ्या फळातलं थोडंच कारखान्यापर्यंत पोहोचतं.

आता सैबेरियाकडे पाहा. अल्ताई भागातल्या बर्नाऊलच्या संशोधकांनी गेल्या शतकात कित्येक दशकं खपून कमी काट्यांची, मोठ्या फळाची, लांब देठाची वाणं निवडली. त्यांनी आधी पीक घडवलं. आपण आधी बाटली घडवली आणि पीक जंगलावर सोपवलं. फौजी भाषेत सांगायचं तर चढाई झाली, पण मागची पुरवठा-रेषा कच्ची राहिली.

नाचणी असो, राजगिरा असो की कुटकी, दुर्लक्षित पिकांचे नवे पदार्थ आज रोज निघताहेत, आणि ते निघावेतच. फक्त प्रत्येक वेळी विचारा: वाण कोण सुधारतंय? तोडणाऱ्या हाताला किलोमागे काय मिळतंय?

2023 मध्ये लडाखच्या सीबकथॉर्नला भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही इंदूरला असा की बंगळुरूला, पुढच्या वेळी या फळाचा रस घ्याल तेव्हा बाटली उलटी करून फळ कुठलं ते वाचा. लडाखचं असेल, तर तुमच्या पैशातला थोडा तरी वाटा त्या नदीकाठच्या बायकांपर्यंत पोहोचायची शक्यता आहे.

जय हिंद.