डोंगा आणि डिंगी

राजापेठेंत राहणाऱ्या माणसानें शिडाच्या नावेवर लिहावें, हें पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल. आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाहीं. येथें दूरवर पांढरा दिसतो तो कापूस, लाटांचा फेस नव्हे. परंतु ज्या नावेविषयीं हा लेख आहे तिचें नांवच मुळीं आपल्या देशांतील नद्यांवरून इंग्लंडला गेलेलें आहे. इंग्रजी कोशांत ‘डिंघी’ हा शब्द काढून पाहावा. त्याचें मूळ हिंदी-बंगालींतील ‘डेंगी’ किंवा ‘डिंगी’ असें दिलेलें आढळेल. डेंगा म्हणजे नाव व डेंगी म्हणजे धाकटी नाव. आमच्या वर्धा नदीवरचा ‘डोंगा’ त्याच घराण्यांतला दिसतो. इंग्रजांनीं शब्दांत एक ‘एच्’ घातला, तो केवळ उच्चारासाठीं; एरवीं त्यांच्या रीतीनें ‘ग’चा ‘ज’ झाला असता.

डोंग्याची माझी ओळख कोशापेक्षां जुनी आहे. मामाचें गांव वर्धेच्या पलीकडच्या कांठीं होतें, आणि लहानपणीं दिवाळीच्या सुटींत नदी डोंग्यानें ओलांडावी लागे. एका वर्षीं वल्हें ढिवराच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं होतें. मी त्याच्याच वयाचा. समोरचा घाट स्पष्ट दिसत असतां त्यानें डोंग्याचें तोंड घाटाच्या बरेंच वर, ओढ्याच्या मुखाकडे धरलें. मीं आजोबांस म्हटलें, “हा चुकतो आहे.” आजोबा नुसते हंसले. प्रवाहानें डोंगा हळूहळू खालीं ओढला आणि तो बरोबर घाटाच्या पायरीशीं लागला. पुढें बारावीच्या पुस्तकांत दोन वेगांचा समांतरभुज चौकोन शिकलों, तेव्हां मला त्या मुलाची आठवण झाली. मला त्या चौकोनाचे गुण मिळाले. त्याला मात्र कोणी गुण दिले नाहींत. त्याला तें ज्ञान आहे असेंही कोणी म्हटलें नाहीं.

आतां डिंगीचा इतिहास पाहूं. मोठें जहाज कांठाला लागूं शकत नाहीं. त्याला खोल पाणी लागतें, म्हणून तें दूर नांगर टाकून उभें राहतें आणि माणसांची, पाण्याच्या पिंपांची, भाजीपाल्याची ने-आण लहान होडीनें होते. मोठ्याला लहानाचा आधार लागतोच. आपल्या मराठी आरमारांतही वारा पडला म्हणजे तोफांनीं जड झालेल्या गुराबांना वल्ह्यांचीं गलबतें ओढून नेत. इंग्रजी आरमारांत जहाजाबरोबरच्या होड्यांमध्यें जी अगदीं धाकटी, तिला हें हिंदी नांव मिळालें.

पुढें श्रीमंतांच्या हौशी शिडाच्या नौका, म्हणजे ‘यॉट’, निघाल्या. हा शब्द डच लोकांचा. 1660 सालीं ॲम्स्टरडॅमनें दुसऱ्या चार्ल्स राजाला ‘मेरी’ नांवाची अशी एक नौका भेट दिली आणि इंग्लंडांत हा शौक रुजला. तो मुंबईसही आला. 1846 सालीं स्थापन झालेला तेथील यॉट क्लब त्या काळीं गोऱ्या लोकांचाच होता. ह्या यॉटींच्या मागें दोरीला बांधलेली एक डिंगी असे. धन्याला कांठावरून नौकेवर आणि नौकेवरून कांठावर पोंचविणें हें तिचें काम. तें झालें कीं ती दिवसभर रिकामी. अशा रिकाम्या नावेकडे मुलांची नजर न जाईल तरच नवल! तिला एक काठी व एक शीड लावलें म्हणजे चाकरीची होडी खेळाची होई. वडील मोठ्या नौकेचे मालक असतील; परंतु मुलगा आपल्या धाकट्या नावेचा तांडेल.

ह्या चाकरीच्या नावेला स्वतंत्र मान मिळाला तो 1913 सालीं. जॉर्ज कॉकशॉट नांवाच्या एका हौशी इंग्रज आरेखकानें बारा फुटांच्या डिंगीचा नमुना तयार केला. ती शर्यतींतही चालावी आणि यॉटीच्या सेवेसही यावी, असा दुहेरी हेतु होता. 1920 च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत ह्या वर्गांत दोनच नावा उतरल्या, आणि दोन्ही डच! 1928 सालीं ॲम्स्टरडॅमला तीच डिंगी पुन्हां आली, व स्वेन थोरेल ह्या स्वीडिश गृहस्थानें सुवर्णपदक मिळविलें. जहाजाच्या शेपटीला बांधलेली होडी अशी जगाच्या मैदानांत उतरली.

परंतु मुलांच्या दृष्टीनें खरी क्रांति झाली ती 1947 सालीं, अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत. क्लिअरवॉटर गांवच्या ऑप्टिमिस्ट क्लबांतर्फे मुलांसाठीं घरगुती खोकागाड्यांच्या शर्यती होत असत. गाडी उतारावरून सुटली कीं क्षणांत खेळ खलास. क्लिफर्ड मॅके ह्यांच्या मनांत आलें, गांव पाण्याकांठीं आहे, तर मुलांना नाव कां नसावी? किंमत मात्र पन्नास डॉलरांच्या आंत हवी. क्लार्क मिल्स ह्या नाव बांधणाऱ्या कारागिरानें प्लायवुडच्या आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा दोन तक्त्यांतून तिचा नमुना काढला. लांकूडच आठ फुटांचें, म्हणून नाव पावणेआठ फुटांची झाली. टोंकदार नाळ करण्याचा खर्च नको, म्हणून तोंड चपटें ठेविलें. एक शीड, तें ताणून धरणारी एक तिरपी काठी, एक सुकाणूं आणि मधून खालीं सोडण्याची एक फळी, संपला पसारा. पुढें ॲक्सेल डामगार्ड ह्यांनीं ती कल्पना डेन्मार्कला नेली. आज शंभरांहून अधिक देशांत पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें ह्या ‘ऑप्टिमिस्ट’ नावेवर शिकतात. गरिबींतून आलेलें तिचें चपटें तोंडच आतां तिची ओळख झालें आहे.

एवढ्या लहान नावेंत मूल काय शिकतें? पहिली गोष्ट ही कीं वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातां येत नाहीं. जावयाचें असेल तर एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असें नागमोडी जावें लागतें. दुसरी गोष्ट अशी कीं चूक लपत नाहीं. मोठ्या जहाजावर एकाची चूक दहा जणांत विरते. येथें बसण्याची जागा बोटभर चुकली तरी नाव कलते, शीड फडफडतें, पाणी आंत येतें. मास्तरांनीं रागावण्याची गरज उरत नाहीं. तिसरी गोष्ट, नाव उलटली तर ती पुन्हां सरळ करावयाची असते, आणि ती सरळ करतां येते.

हें सारें आपल्या लोकांस नवीन होतें असें नाहीं. 1756 च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें, तें इंग्रज व पेशवे ह्यांच्या संगनमतानें. जहाजें जळालीं, पण कोंकणी खलाशाच्या हातांतली विद्या जळाली नाहीं. ती दुसऱ्यांच्या जहाजांवर पगारी राबूं लागली. सुशिक्षित घरांनीं मात्र तिला विद्या म्हणून घरांत घेतलें नाहीं. दिलीप दोंदे ह्यांनीं 2009-10 मध्यें गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. आम्ही टाळ्या वाजविल्या आणि सायंकाळीं मुलाला बजावलें, “पाण्याजवळ जाऊं नकोस!”

ही भीति अगदींच खोटी नाहीं. विहिरींत व तलावांत मुलें बुडतात, हें आपण पाहतों. परंतु बुडतें तें बहुधा पाण्याची ओळख नसलेलें मूल. आधीं पोहणें, अंगांत तरंगतें जाकीट, कांठावर जाणता माणूस, आणि मग लहान नाव, हा क्रम जगांत सर्वत्र आहे. आमच्या अमरावतीला वडाळीचा तलाव आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचें विस्तीर्ण पाणी आहे. दोन तक्त्यांची नाव करूं शकणारे सुतार तर प्रत्येक पेठेंत आहेत.

आणि शिकवावयास कोणी गोरा साहेब आणण्याचें कारण नाहीं. वर्धेच्या कांठीं आजही असा एखादा ढिवर भेटेल, ज्याला प्रवाहाचा कल नजरेनें कळतो. त्याला गुरुजी म्हणण्याची तयारी आमच्या घरांची आहे काय, एवढाच प्रश्न आहे. डोंग्याचें तोंड घाटाच्या वर धरणारा तो मुलगा आतां माझ्याच वयाचा असेल. तो भेटल्यास त्या दिवशीं आजोबांस सांगितलेलें वाक्य मला त्याच्यासमोर परत घ्यावयाचें आहे.