केडगांवची फळबाग

अक्कलकोट रोडवरून आगगाडीनें पुण्याकडे येतांना सोलापूर व दौंड मागें पडल्यावर केडगांव लागतें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तें हेंच. या सदनाचा आरंभ एका फळबागेनें झाला.

१८८३ सालीं रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८७ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळीनें त्यांस दहा वर्षें साहाय्य करण्याचें वचन दिलें आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. पण मुदत सरल्यावर पुढें काय? या विवंचनेंतून बाईंनीं केडगांवीं सुमारें १०० एकर जमीन घेतली व संत्रीं, लिंबें, आंबे यांची लागवड केली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालावें, असा हिशेब होता.

झाडें फळास येण्यापूर्वींच १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्यांनीं स्वतःचे आईबाप दुष्काळांतच गमावले होते, त्या रमाबाई मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों मुली घेऊन आल्या. प्लेगमुळें पुण्यांत त्यांना मज्जाव झाला. तेव्हां केडगांवची जमीनच आसरा झाली. शेती, गाईगुरें, तेलाचा घाणा, विणकाम अशीं कामें मुली शिकल्या.

बागेनें सदनाचा सारा खर्च कधींच भागविला नाहीं. देणग्या लागतच राहिल्या. परंतु अन्नासाठीं दारोदार फिरलेल्या मुलींना त्या जमिनीनें स्वतःच्या कष्टाची भाकर दिली. मूळ हिशेबांत ही जमा धरलेली नव्हती.