गोव्यातील शॅक : ऋतूच्या हिशेबाने मांडलेले ताट

गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतच बांबू, लाकूड व झावळ्या यांनी उभारलेल्या तात्पुरत्या उपाहारगृहास ‘शॅक’ म्हणतात. भिंती नसल्याने समोर समुद्र, पायाखाली वाळू आणि ताटात मासळी, हे त्याचे रूप. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर त्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, हणजूण या भागांत हिप्पी प्रवासी येऊ लागले. १९८०च्या दशकात युरोपातून चार्टर विमाने सुरू झाल्यानंतर शॅकना व्यवसायाचे स्वरूप आले.

शॅकचे तात्पुरतेपण ही केवळ शैली नाही. ती कायद्याची अट आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी सप्टेंबर ते मे या काळातील हंगामी बांधकामांची सवलत आहे. किनाऱ्यावरील सरकारी जागा राज्याचे पर्यटन खाते गोमंतकीय अर्जदारांना सोडत काढून देते. पावसाळ्यापूर्वी शॅक उतरवावे लागते. मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग हे किनारे याच अधिसूचनेत कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नोंदलेले आहेत. ऑलिव्ह रिडले कासवे तेथे रात्री अंडी घालतात. प्रखर दिवे व मोठा आवाज यांनी त्यांना अडथळा होतो; म्हणून रात्रीच्या जेवणास बसलेल्या प्रवाशानेही ही जाण ठेवावी.

मासळीलाही स्वतःचे वेळापत्रक आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते, कारण अनेक जातींचा हा विणीचा काळ होय. हंगामातही वारा आणि जाळे यांवर दिवसाची मिळकत ठरते. त्यामुळे छापील यादीतील प्रत्येक पदार्थ रोज ताजा मिळेल असे मानू नये. ‘आज काय आले आहे?’ हा प्रश्न यादी वाचण्याआधी विचारणे शहाणपणाचे.

बांगडा, इसवण (सुरमई), चणक, मोडसो, सुंगटे (कोळंबी), माणके, तिसऱ्या आणि कुर्ल्या ही येथील नेहमीची मासळी. ‘रेशाद’ हा लाल मिरची, लसूण व शिर्का यांचा मसाला असून त्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘भरलेले’ असा आहे. तो बांगड्याच्या पोटात भरतात. रवा लावून तळलेली मासळी आणि नारळाचे हुमण हे गोमंतकीय घरातले पदार्थ. बांगड्याच्या हुमणात तेफळ घालतात. लसूण-लोण्यातील कोळंबी मात्र परदेशी पाहुण्यांच्या रुचीने रुळलेली.

मोठी मासळी बहुधा वजनावर विकली जाते व यादीत दराऐवजी ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते. वाद येथेच होतात. मासा समोर आणवून पाहावा, वजन आपल्या देखत करवून घ्यावे आणि शिजवण्याच्या खर्चासह एकूण रक्कम आधीच विचारावी. साफ केल्यावर वजन घटते, हे ध्यानात ठेवावे. ताज्या माशाचे डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालसर असतात. मांस बोटाने दाबल्यास खळगा राहत नाही. शिजल्यावरही न उघडलेली तिसरी बाजूला सारावी.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्याबाबत विशेष सावधगिरी हवी. हे मासे थंड न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते व ते शिजवूनही नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर चट्टे उठणे ही त्याची लक्षणे असून त्यांची अनेकदा ॲलर्जीशी गल्लत होते. तिखट, झोंबणारी चव लागल्यास तो घास गिळू नये. श्वास लागल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. कवचधारी मासळीची ॲलर्जी असल्यास तसे आधीच सांगावे, कारण तवा व तेल अनेकदा सामाईक असते.

मे संपता संपता शॅकचे वासे सुटू लागतात आणि किनारा पुन्हा मोकळा होतो. येथील मासळीची खरी चव ऋतूशी बांधलेली आहे; जे त्या दिवशी समुद्राने दिले ते मागणारा प्रवासी सहसा निराश होत नाही.